आधीच मोडलेलं होतं

रस्ता जिथे संपतो तिथे गॅरेजांची एक ओळ होती. पहिल्यात इंजिनं उघडत, दुसऱ्यात पत्रा ठोकत, तिसऱ्यात चाकं तपासत. शेवटच्या शेडमध्ये मात्र दिवसभर फारसा आवाज नसे. तिथल्या बाईंना सगळी ओळ सुईणबाई म्हणत असे. नाव पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीनं ठेवलेलं. एकदा तो दारात उभा राहून त्यांचं काम बघत होता आणि म्हणाला, "आधी शेकतात, मग चाचपतात, मग कान लावतात आणि वाट बघत बसतात. ह्या कसल्या मेकॅनिक? ह्या तर सुईण." नाव चिकटलं. चिकटलेलं अलगद सोडवणं हाच बाईंचा धंदा, पण हे नाव त्यांनी राहू दिलं.

छोटी गाडी आतून नव्या रंगाची, नव्या कापडाची करायची म्हटलं की आधी तिच्या आतले प्लास्टिकचे भाग उतरवावे लागतात. दारांची पॅनलं, डॅशबोर्डवरच्या पट्ट्या, गिअरभोवतीची चौकट, हवेच्या जाळ्यांची कडी. ते एखाददुसऱ्या स्क्रूनं आणि बाकी सगळे पाठीमागे लपलेल्या क्लिपांनी धरलेले असतात. क्लिप कुठे आहे ते न कळता ओढलं की कट् असा आवाज येतो आणि मग करण्यासारखं काही राहत नाही. गाडी नवी असेल तर तो भाग बाजारात मिळतो. जुनी असेल तर कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं असतं. गाडीवाल्यानं मात्र ते बंद केलेलं नसतं.

म्हणून बाईंकडे एक शेकायची रबरी पिशवी होती, पाठ दुखली की घेतात तसली. ती गरम पाण्यानं भरून त्या पॅनलवर ठेवत आणि दहा मिनिटं गप्प बसत. प्लास्टिक जरा सैलावलं की बोटाच्या पेरानं टकटक करत पुढे सरकत. पोकळ वाजलं तर पुढे जायचं. भरीव वाजलं की तिथे क्लिप. मग नवऱ्याची पुट्टी लावायची पातळ पाती, टोकाला कापडी पट्टी गुंडाळलेली, ती फटीत सरकवायची आणि मनगट एवढंसं फिरवायचं. भाग हातात येई तो पिकल्या फळासारखा.

नवरा पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत असे. छापील फलक आले आणि त्याच्या ब्रशाला काम उरलं नाही, तेव्हा तो बाईंनी काढलेल्या भागांना रंग देऊ लागला. त्याला सगळे पेंटर म्हणत. त्यानं एका जुन्या चादरीवर गाडीचं पोट रेखून दिलं होतं. इथे उजवं दार, इथे डावं, मधे डॅशबोर्ड. काढलेला प्रत्येक भाग आपल्या स्क्रू-क्लिपांसकट त्या चादरीवर आपापल्या जागी जाऊन बसे. "गाडी अंथरून ठेवलीय," असं पेंटर म्हणे.

शेडच्या आधी बाईंनी अकरा वर्षं एका मोठ्या दुकानात सीटची कव्हरं शिवली. तिथे भाग काढायला एक दांडगा फिटर होता. तो पाय लावून ओढी. मोडलं की चिकटपट्टी लावून जागच्या जागी दाबून देई. गिऱ्हाइकानं धरलंच, तर मालक म्हणत, "आधीच मोडलेलं होतं." हे वाक्य त्या दुकानात इतक्या वेळा म्हटलं जाई की शिवणयंत्राच्या खडखडाटासारखं ते बाईंना ऐकूच येईनासं झालं होतं.

एकदा मात्र ऐकू आलं. एका म्हाताऱ्या बाईंची गाडी होती, घेऊन आठवडाही झाला नव्हता. दाराची चौकट दुभंगलेली बघून त्या काही बोलल्या. मालकांनी ठरलेलं वाक्य म्हटलं. त्या बाई मालकांकडे न बघता थेट यंत्राकडे वळल्या. म्हणाल्या, "तुम्ही तर इथेच बसला होतात. तुम्ही सांगा." आणि सुईणबाईंनी मान खाली घालून शिवण पुढे ढकलली. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. महिन्याभरात दुकान सोडलं. शेड घेतली तेव्हा नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "आपल्याकडे हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही. मोडलं तर मी मोडलं."

सात वर्षं झाली. एकही भाग मोडला नव्हता. लांबून लांबून गाड्या येत त्या ह्याच एका गोष्टीसाठी. कापड काय, रंग काय, कुणीही लावील.

अशात एका सकाळी एक राखाडी, डबी-एवढी गाडी शेडपुढे येऊन थांबली. अठ्ठावीस वर्षांची, पण मागच्या काचेवर एक ओरखडा नाही. चालवत होती एक चाळिशीची बाई, जनावरांची डॉक्टर. शेजारी तिचे वडील, मागे आई. वडील वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानादुकानांतून खोटी वजनं पकडण्यात गेलेला, म्हणून घरचे-दारचे त्यांना तपासनीसच म्हणत.

आई, म्हणजे काकू, मागून उतरल्या आणि दार लावायला लागल्या. दोन्ही हातांनी धरून, पाळण्यातलं मूल जागं होईल अशा बेतानं. दार लागलं नाही. पुन्हा उघडून पुन्हा तसंच लावलं. तिसऱ्या खेपेला लागलं.

"आईनं दार जोरात लावलं की डॅशबोर्ड खुळखुळतो," मुलगी हसून म्हणाली. "बाबांचा शोध आहे."

"शोध कसला," तपासनीस म्हणाले. "आपटून आपटून ढिला केलाय तिनं."

"मी आता परक्यांच्या गाडीचंही दार असंच लावते," काकू म्हणाल्या. "अर्धवट राहतं. लोक उतरून परत लावतात."

गाडी आता लेकीला मिळाली होती. तपासनिसांच्या डोळ्यांनी हात टेकले होते. तिला आतलं काळं-करडं प्लास्टिक सगळं बाटलीसारखं हिरवं हवं होतं आणि दारांना पुसता येईल असं पिवळं कापड. "दिवसभर ह्या काळ्या पेटीत बसून मला पेंग येते, मावशी," ती म्हणाली. "तीन गॅरेजवाल्यांनी नाही म्हटलं. म्हणाले, ह्या मॉडेलचं काही मिळत नाही, मोडलं तर आमच्या गळ्यात."

"बरोबर बोलले ते," तपासनीस म्हणाले. "माझी एक अट आहे. एकही तुकडा मोडता कामा नये. एक मोडला की काम बंद. गाडी आहे तशी परत न्यायची. आणि मी इथे बसून बघणार."

पेंटरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी गाडीचं दार उघडून आत हात फिरवला. वय झालेलं प्लास्टिक, कडेला कोरडं पडलेलं. पण कुणी कधी ओढलेलं दिसत नव्हतं.

"बसा," त्या म्हणाल्या. "पण पाती चालू असताना बोलायचं नाही."

"ती अट मी घालायला हवी होती, लग्नात," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. बाईंनी बॅटरीची वायर सोडली, पाव तास थांबल्या आणि पिशवी भरली. तपासनीस एका लाकडी खोक्यावर बसले. त्यांचं लक्ष फार. पहिला स्क्रू निघाला तेव्हा म्हणाले, "हा कुठे ठेवणार?" बाईंनी चादरीकडे बोट दाखवलं. तपासनिसांनी उठून चादर नीट पाहिली आणि परत येऊन बसले. नावं ठेवायला जागा सापडली नाही की ते खाकरत. तसे खाकरले.

उजवं दार निघालं. डावं निघालं. बाकीची दारं, खांबांवरच्या पट्ट्या, पायाशी असलेल्या जाड पट्ट्या. दोन दिवसांत एकेचाळीस क्लिपा निघाल्या, एकेचाळीसही शाबूत. तपासनीस एक-एक मोजत होते. मग मोजता मोजता थोडे सैल झाले. पिशवीचं पाणी निवलं की स्वतःच म्हणू लागले, "पाणी बदला आता."

"शिकाऊ ठेवून घेतोस का?" पत्र्याचा मिस्त्री दारातून पेंटरला म्हणाला.

"शिकाऊ कुठला, इन्स्पेक्टर आहेत," पेंटर म्हणाला. "मला रंगाच्या डब्याचं झाकण लावायला सांगतात."

तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डची पाळी आली. तपासनिसांचा सूरच बदलला. म्हणाले, "मधलं पॅनल राहू द्या. मधलं काळंच बरं दिसेल."

"बाबा, चारी बाजूंनी हिरवं आणि मधे काळं?" मुलगी आज दवाखान्यातून मधल्या वेळात आली होती. "गायीच्या अंगावरचा ठिपका बरा दिसतो, डॅशबोर्डवरचा नाही."

"अगं पण कशाला छेडायचं? तीच सगळ्यात नाजूक जागा."

"म्हणून तर मावशींकडे आलो ना."

तपासनिसांनी खोकं जरा पुढे ओढलं. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचा जीव आहे गाडीवर, दुसरं काय. मधल्या पॅनलमधे हवेच्या दोन जाळ्या होत्या आणि त्यांच्यामधे एक छोटं चौकोनी झाकण. महागड्या गाडीत तिथे घड्याळ येई. स्वस्तातल्या गाडीत नुसतं झाकण. बाईंनी पिशवी ठेवली, दहा मिनिटं बसल्या. वरच्या कडेला चार क्लिपा वाजल्या, त्या चारही सुटल्या. खाली डाव्या कोपऱ्यात पॅनलची स्वतःचीच एक जाड खुंटी होती, आतल्या भोकात बसलेली. तिच्यापाशी पाती नेली. मनगट फिरवायचीही वेळ आली नाही.

कट्.

मोठा आवाज नव्हता. पण ज्यांनी तीन दिवस असा आवाज येऊ नये म्हणून श्वास धरला होता, त्या सगळ्यांनी तो ऐकला. पेंटरचा ब्रश हवेत राहिला. मुलीनं हातातली किल्ली मुठीत आवळली. काकू त्याच वेळी चहाचा थर्मास घेऊन शेडच्या दारात पोचल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

सात वर्षं. बाईंना क्षणभर वाटलं, हात आपला नाहीच. पॅनल दोन्ही हातांत धरून त्या गाडीतून बाहेर आल्या. खुंटी मोडून भोकातच राहिली होती, ती चिमट्यानं काढली आणि दोन्ही तुकडे उजेडात नेले.

आता त्यांना आवाज पुन्हा आठवला. ताजं प्लास्टिक मोडतं ते कोरडं, टणक. हा आवाज बद्द होता, पापुद्रा सुटावा तसा. आणि मोडल्या जागी पांढरी ताजी कड नव्हती. तिथे जुन्या मधासारखा पिवळा, वाळलेला गोंद होता. पिशवीच्या उबेनं तो सुटला होता. गोंद ओला असताना कुणीतरी अंगठ्यानं दाबून धरला होता. अंगठ्याच्या रेषा अजून त्यात स्पष्ट होत्या.

खुंटी आधीच मोडलेली होती.

बाईंच्या ओठांपर्यंत ते वाक्य आलं आणि तिथेच अडलं. खरं होतं, शंभर टक्के खरं होतं, पण ते वाक्य त्यांनी इतक्या लबाड तोंडून ऐकलं होतं की स्वतःच्या तोंडात घ्यावंसं वाटेना. त्यांना ती यंत्राकडे वळलेली म्हातारी दिसली. पेंटर जवळ येऊन पुटपुटला, "अगं, गोंद आहे तो. दाखव की."

"थांबा हो जरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तपासनिसांकडे पाहिलं. ते खोक्यावर ताठ बसले होते, पण रागावलेला माणूस असा बसत नाही. त्यांचे डोळे तुकड्यावर नव्हते, काकूंवर होते. आणि उजव्या हाताचा अंगठा ते डाव्या मुठीत धरून बसले होते. तेव्हा बाईंना त्यांची अट कळली, आणि मधलं पॅनल राहू द्या म्हणणंही. म्हातारा तीन दिवस बाईंवर नव्हे, ह्या एका खुंटीवर नजर ठेवून बसला होता.

त्या पुढे गेल्या. गोंदाची बाजू वर करून दोन्ही तुकडे त्यांच्या तळहातावर ठेवले.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "चष्मा लावून बघा."

तपासनिसांनी खिशातून चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि लावला. आयुष्यभर वजनाखालचं शिसं शोधलेले डोळे. त्यांनी तुकड्यांकडे बघितलं, फार वेळ बघितलं. अटीप्रमाणे आता ते म्हणू शकत होते, काम बंद. गाडी परत. कुणी त्यांना काही विचारलं नसतं.

"मोडलं का?" काकूंनी दारातून विचारलं.

"बाबा, जुनं प्लास्टिक आहे," मुलगी म्हणाली. "मावशींचा काय दोष..."

तपासनिसांनी हात वर करून तिला थांबवलं.

"ह्यांच्याकडून नाही मोडलं," ते म्हणाले. "आधीच मोडलेलं होतं."

सुईणबाई शेडमधल्या स्टुलावर टेकल्या. बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी गिऱ्हाइकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"कुणी मोडलं?" काकूंनी विचारलं.

"मी."

"कधी?"

"गाडी घेऊन दोन वर्षं झाली तेव्हा. तू सारखी विचारायचीस, किती वाजले, किती वाजले. गाडीत घड्याळ हवं म्हणायचीस. म्हटलं, तुझ्या वाढदिवसाला त्या झाकणात बसवून टाकू. घड्याळ आणलं. तू बाजारात गेली होतीस. पेचकस घातला आणि..." त्यांनी तळहात पुढे केला. "घाबरून चिकटवलं. नीट बसलं नाही. म्हणून खुळखुळायचं."

काकूंनी थर्मास शांतपणे पेंटरच्या टेबलावर ठेवला.

"म्हणजे दारामुळे नव्हे."

"नव्हे."

"सव्वीस वर्षं," काकू म्हणाल्या, "मी दार दोन हातांनी लावलं."

"हो."

"तुमच्या बहिणीच्या गाडीचं दार उघडं राहून माझी पर्स रस्त्यात पडली."

"ते माझ्या लक्षात आहे."

"गावभर लोकांच्या मापातली खोट काढत फिरलात, आणि घरात ही खोट."

"म्हणून तर सांगता येईना," तपासनीस म्हणाले. "दुसऱ्या कुणाला बोलता आलं असतं. मी काय तोंडानं सांगणार होतो? पहिल्या दिवशी राहून गेलं. मग एक वर्ष झालं. मग दहा झाली. मोडलेलं सांगायला जेवढा उशीर, तेवढा तुकडा मोठा होत जातो."

काकूंनी थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि पहिला कप सुईणबाईंच्या हातात दिला. "घ्या बाई. तुमचा रंग उडालाय. ह्यांना सगळ्यात शेवटी." मग त्या पदराच्या टोकानं तोंड दाबून हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला. मुलगी हसली, पेंटर हसला. तपासनीस तेवढे हसले नाहीत, पण त्यांनी सोडलेला श्वास बाईंना स्टुलावर बसून ऐकू आला. पॅनलची शेवटची क्लिप सुटते तेव्हा असाच बारीक आवाज होतो.

"आणि ते घड्याळ?" काकूंनी विचारलं.

"माझ्या कपाटात. जुन्या पावत्यांच्या पेटीमागे."

"पावत्यांच्या पेटीला मी हात लावत नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक."

तुकडा जोडणं बाईंना अवघड नव्हतं. गोंद खरवडून काढला. खुंटीच्या दोन्ही बाजूंना बारीक तारेची जाळी ठेवली आणि गरम सळईनं ती प्लास्टिकमध्ये बुडवली. वरून त्याच जातीच्या प्लास्टिकचा वितळलेला थर दिला. "आता ही कंपनीनं केलेल्यापेक्षा घट्ट आहे," त्या म्हणाल्या. गोंदातला अंगठ्याचा ठसा खरवडायच्या आधी त्या थोड्या थांबल्या होत्या. पण ठेवून काय करायचं होतं? आपलं काम त्यानं केलं होतं.

पेंटरनं सगळे भाग घासले, अस्तर दिलं, हिरव्याचे तीन पातळ हात दिले. चार दिवस चादरीवर हिरवी गाडी वाळत पडली होती. तपासनीस रोज येत, पण आता मोजत नसत. एकदा पत्र्याच्या मिस्त्रीकडे जाऊन त्याचा मीटर-टेप तेवढा तपासून आले आणि दोन मिलिमीटर कमी भरतो म्हणून सांगून आले.

सगळं परत बसवलं त्या दिवशी तिघंही आले. आत हिरवं, दारांना पिवळं, आणि मधल्या झाकणाच्या जागी सव्वीस वर्षं कपाटात राहिलेलं गोल घड्याळ. चालू होतं. फक्त नवा सेल घालावा लागला.

"किती वाजले?" काकूंनी मागच्या सीटवर बसून विचारलं.

"बघ की आता स्वतः," तपासनीस म्हणाले.

काकूंनी बघितलं. मग उतरल्या आणि सवयीप्रमाणे दार दोन्ही हातांनी हळूच लोटलं. लागलं नाही.

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तपासनीस गाडीच्या पलीकडे उभे होते.

"आपट," ते म्हणाले.

"नवा रंग आहे."

"काकू, आपटा," सुईणबाई म्हणाल्या. "माझी खुंटी आहे ती. मोडली तर मी मोडली."

काकूंनी पदर खोचला, दार पार उघडं केलं आणि एका हातानं लोटून दिलं. धाड् असा आवाज सगळ्या ओळीत घुमला. पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रीचा हातोडा थांबला. बाईंनी डोळे मिटून कान दिला, सुईणीसारखा. डॅशबोर्ड गप्प होता. खुळखुळ नाही, किरकिर नाही. घड्याळाची टिकटिक तेवढी खिडकीतून ऐकू येत होती.

"लागलं," काकू म्हणाल्या.

मग पहिल्याच खेपेला लागलेलं ते दार त्यांनी पुन्हा उघडलं, आणि आणखी दोनदा आपटलं.